शंभर फ्रँकची नोट : एका फ्रेंच द्राक्ष बागायतदार पुढाऱ्याचे चरित्र

(सभासदांसाठी अभ्यासलेख)



या पानावर आपण नेहमी बेणे, खतांच्या मात्रा, खोडवा, हुमणी असल्या विषयांवर बोलतो. या खेपेचा विषय जरा निराळा आहे. पीक उसाचे नाही, द्राक्षाचे आहे. मुलूख आपला नाही, फ्रान्सचा आहे. तरीही हा विषय आपल्याला परका नाही. कारण या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे साखर. आणि त्यात जी माणसे होरपळली ती तुमच्या-आमच्यासारखी एक-दोन एकरवाली, कर्ज काढून पीक उभे करणारी माणसे होती.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात वाईनचा उल्लेख वारंवार येईल. त्यात दारूची भलावण करण्याचा हेतू मुळीच नाही. आपला जसा ऊस कच्चा माल आणि साखर पक्का माल, तसे दक्षिण फ्रान्समधल्या शेतकऱ्याचे द्राक्ष कच्चा माल आणि वाईन पक्का माल. त्याचे घर त्या मालावर चालत होते, एवढेच ध्यानात घेऊन पुढे वाचावे.

माणूस कोण होता?

फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या जवळ लांगदोक नावाचा प्रदेश आहे. त्यातल्या ओद जिल्ह्यात आर्जेलिए नावाचे एक खेडे. या खेड्यात २९ मार्च १८५१ रोजी मार्सेलँ आल्बेर याचा जन्म झाला. पुढे तो द्राक्ष बागायतदार झाला आणि गावात एक कॅफेही चालवू लागला. कॅफे म्हणजे आपल्याकडच्या चहाच्या हॉटेलासारखी जागा, फक्त तिथे वाईनही मिळायची. गावातली माणसे संध्याकाळी तिथे टेकायची. कुणाचे पीक किती आले, व्यापाऱ्याने काय भाव दिला, कुणाची जमीन गहाण पडली, हे सारे तिथेच कळायचे.

आल्बेरला नाटकाचा नाद होता. गावातली पोरे जमवून तो नाटके बसवायचा. अंगाने सडपातळ, दाढी वाढलेली, आवाज खणखणीत. गावकऱ्यांनी त्याला एक टोपणनाव दिले होते, ‘सिगाल’. सिगाल म्हणजे उन्हाळ्यात झाडावर बसून एकसारखा किर्रर्र आवाज करणारा किडा. हा माणूस एकदा बोलायला लागला की थांबत नाही, असा त्याचा अर्थ. पुढे झाडावर चढून हा माणूस सभेत भाषण करी, तेव्हा हे नाव त्याला चांगलेच शोभले.

त्याच्याजवळ मोठी इस्टेट नव्हती, पदवी नव्हती, कुठल्या पक्षाचा पाठिंबा नव्हता. १९०० सालापासून तो एकच गोष्ट सांगत होता, ‘बाजारात खोटी वाईन येते, तिला आवर घाला, नाहीतर खरी द्राक्षे पिकवणारा मरेल.’ पहिली सहा-सात वर्षे त्याचे कुणी फारसे मनावर घेतले नाही. बोलघेवडा आहे म्हणून लोक हसायचे.

आधी कीड, मग भरघोस पीक

आल्बेरचे म्हणणे समजायचे तर आधीची तीस-चाळीस वर्षे पाहावी लागतील.

१८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधल्या द्राक्षवेली अचानक वाळू लागल्या. कारण कुणाला कळेना. १८६८ मध्ये शास्त्रज्ञांनी मुळे उकरून पाहिली तेव्हा मुळांवर बारीक पिवळसर किडे दिसले. माव्याच्या जातीचा हा किडा, नाव फायलोक्सेरा. तो अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर आला होता. त्याने पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत फ्रान्समधल्या बागांचा फडशा पाडला. औषधे झाली, बागांत पाणी कोंडून पाहिले. शेवटी खरा उपाय निघाला तो कलमांचा. अमेरिकन वेलीची मुळे या किड्याला दाद देत नाहीत. तेव्हा खुंट अमेरिकन घ्यायचा आणि त्यावर डोळा आपल्या जातीचा बांधायचा. आपल्याकडे नाशिक-सांगली भागातले द्राक्ष बागायतदार आज डॉगरिज खुंटावर कलम करतात. त्यांची कारणे निराळी आहेत, पण मूळ युक्ती हीच.

बागा पुन्हा उभ्या राहिल्या, पण खर्च जबर झाला. जुन्या बागा उपटणे, खुंट विकत घेणे, कलमे बांधणे, पहिले पीक येईपर्यंत तीन-चार वर्षे थांबणे. हे सगळे कर्जावर झाले. कर्ज फेडायचे म्हणून शेतकऱ्यांनी डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनी सोडून सपाटीच्या भारी जमिनीत ‘आरामाँ’ नावाची जात लावली. ही जात म्हणजे उत्पन्नाला नंबर एक. घड मोठे, रस भरपूर. पण रसात गोडी कमी.

ऊस विकास खात्यातल्या माणसाला हे वाचून हसू येते, कारण हा आपलाच रोजचा वाद आहे. टनेज भरपूर, पण उतारा नाही! आरामाँचा रस पातळ, म्हणून तिची वाईन कमजोर. कमजोर माल बाजारात खपवायचा तर त्यात दुसरे काहीतरी मिसळावे लागते. व्यापारी त्यात अल्जीरियातून आणलेली कडक वाईन मिसळत, किंवा मग साखर घालत.

१९०० आणि १९०१ साली पीक अफाट आले आणि भाव कोसळले. काही ठिकाणी हेक्टोलिटरला, म्हणजे शंभर लिटरला, दहा फ्रँकही मिळेनात. उत्पादन खर्च निघणे दूरच. पुढे एक-दोन वर्षे भाव जरा सावरले आणि १९०४ पासून पुन्हा बसले. मजुराला काम नाही, दुकानदाराची उधारी थकली, सावकाराचा तगादा सुरू. चांगला माल तळघरात भरून पडलेला आणि घरात भाकरीची भ्रांत, अशी गत झाली.

साखरेचा हिशोब

आता खोटी वाईन म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ.

द्राक्षाच्या रसात नैसर्गिक साखर असते. यीस्ट ही साखर खाऊन तिचे मद्यार्कात रूपांतर करते. ज्या साखर कारखान्यांना आसवनी जोडलेली आहे तिथे मळीपासून मद्यार्क बनतो तो याच क्रियेने. रसात किती साखर आहे हे ब्रिक्सवर मोजतात. फडात आमचे कर्मचारी उसाच्या रसाचा थेंब हँड रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून आकडा वाचतात ना, तेच यंत्र आणि तेच माप द्राक्ष बागायतदारही वापरतो.

हिशोब असा. एक लिटर रसात साधारण १७ ग्रॅम साखर असेल तर त्यापासून एक अंश मद्यार्क तयार होतो. म्हणजे हजार लिटर कमजोर वाईन दोन अंशांनी वाढवायची तर सुमारे ३४ किलो साखर घातली की काम झाले. थंड हवेच्या भागात द्राक्षे पुरती पिकत नाहीत. तिथे अशी थोडी साखर घालण्याची पद्धत जुनी होती आणि कायद्यालाही मान्य होती.

लबाडी इथून पुढे सुरू होते. द्राक्षे दाबून रस काढून घेतला की मागे चोथा उरतो, आपल्याकडे चिपाड उरते तसा. त्या चोथ्यावर पाणी ओतायचे, साखर घालायची आणि पुन्हा आंबवायचे. चोथ्याचा थोडा रंग, थोडा वास त्या पाण्याला लागतो. हजार लिटर पाण्याला दीडशे किलो साखर घातली की नऊ अंशांच्या आसपासची ‘वाईन’ तयार! वेल नाही, मशागत नाही, छाटणी नाही, फवारणी नाही.

हे परवडायचे कधी? साखर स्वस्त असेल तेव्हा. फ्रान्सच्या उत्तर भागात बीटपासून साखर काढणारे कारखाने भरपूर होते. परदेशी निर्यातीला सरकारी बक्षिसी मिळे, म्हणून उत्पादन वाढत गेले. १९०२ साली ब्रुसेल्स येथे निरनिराळ्या देशांचा करार झाला आणि ही बक्षिसी बंद करण्याचे ठरले. मग देशातच साखर खपावी म्हणून फ्रेंच सरकारने १९०३ साली साखरेवरचा कर मोठ्या प्रमाणात उतरवला. उत्तरेतल्या बीटवाल्याला त्यामुळे दिलासा मिळाला, पण दक्षिणेत वाईन ‘बनवणाऱ्या’ची चंगळ झाली.

बंधूंनो, इथे क्षणभर थांबून विचार करावा. उत्तरेतला शेतकरी काही चोर नव्हता. त्याने घाम गाळून बीट पिकवले, त्याच्या कारखान्याने शुद्ध साखर काढली. पण तीच साखर मधल्या माणसाच्या हाती पडून दुसऱ्या शेतकऱ्याच्या गळ्याचा फास झाली. आपण साखर पिकवणारी माणसे आहोत, म्हणून ही गोष्ट आपण तरी विसरता कामा नये.

सत्त्याऐंशी माणसे

१९०७ च्या मार्चमध्ये वाईनच्या संकटाची चौकशी करायला पार्लमेंटची एक समिती नार्बोन शहरात आली. आल्बेरने ठरवले, आपण जाऊन भेटायचे. ११ मार्च १९०७ रोजी आर्जेलिएमधून सत्त्याऐंशी माणसे वाद्ये वाजवीत पायी निघाली. वीसेक किलोमीटर चालून ती नार्बोनला पोचली. समितीपुढे त्यांनी गाऱ्हाणे मांडले, शहरातून मिरवणूक काढली आणि परत आली. शहरवाल्यांनी गंमत म्हणून पाहिले. वर्तमानपत्रांनीही फारशी दखल घेतली नाही.

सत्त्याऐंशी हा काही मोठा आकडा नव्हे. आपल्या एखाद्या गटसभेलाही एवढी माणसे असतात. पण ही सत्त्याऐंशी घरी जाऊन गप्प बसली नाहीत. त्यांनी समिती नेमली आणि ठराव केला, दर रविवारी एका गावी सभा घ्यायची. गावातल्या एका औषध-दुकानदाराच्या पुढाकाराने एप्रिलमध्ये ‘ल तोक्सँ’ नावाचे छोटे वर्तमानपत्रही निघाले. तोक्सँ म्हणजे आग लागली की गावाला जागे करण्यासाठी वाजवतात ती घंटा.

मागणी एकच ठेवली, खोट्या वाईनला बंदी. राजकारण दूर ठेवले. राजेशाहीवाले, समाजवादी, देवळात जाणारे, न जाणारे, मालक, मजूर सगळे एका झेंड्याखाली. आल्बेरच्या मागे कुठला पक्ष नव्हता, त्यामुळे त्याच्यावर संशय घ्यायला जागा नव्हती.

रविवारच्या सभा

२४ मार्चच्या पहिल्या सभेला तीनेकशे माणसे होती. पुढच्या रविवारी दुप्पट. १४ एप्रिलला कूर्साँ येथे पाच हजार. ५ मे रोजी नार्बोनला ऐंशी हजारांच्या पुढे. १२ मे रोजी बेझिए येथे दीड लाखाच्या आसपास. मग पेर्पिन्याँ, कार्कासोन, नीम, दर रविवारी आकडा चढत गेला. ९ जूनला माँपेलिए शहरात जी सभा झाली तिला निदान पाच लाख माणसे होती असे सांगतात. रेल्वेगाड्या भरभरून आल्या, बाकीचे बैलगाड्यांनी आणि पायी आले. रात्रीच्या मुक्कामाला जागा पुरेना, तेव्हा तिथल्या बिशपने बायका-मुलांसाठी चर्चची दारे उघडली. तीन महिन्यांपूर्वी सत्त्याऐंशी होते, हे लक्षात ठेवा!

लोक आल्बेरला ‘तारणहार’ म्हणू लागले. त्याचे फोटो घरोघर लागले.

५ मेच्या सभेपासून या चळवळीत दुसरा एक पुढारी उतरला. त्याचे नाव एर्नेस्त फेरूल. हा नार्बोनचा डॉक्टर, समाजवादी पक्षाचा आणि शहराचा नगराध्यक्ष. आल्बेर भोळा, भावनेचा माणूस. फेरूल कसलेला राजकारणी. सरकारला १० जूनपर्यंत मुदत दिली होती. मुदत संपली तसा फेरूलने नगराध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि नगरपालिकेवर काळे निशाण लावले. त्याच्यामागे शेकडो गावांच्या कारभाऱ्यांनी राजीनामे दिले. कर भरायचा नाही, सरकारी कागद हलवायचे नाहीत. जन्म-मृत्यूची नोंद करायलासुद्धा माणूस जागेवर राहिला नाही.

गोळीबार आणि सतरावी पलटण

त्या वेळी फ्रान्सचे पंतप्रधान होते जॉर्ज क्लेमाँसो. गृहखातेही त्यांच्याकडेच. करारी माणूस, लोक त्यांना ‘वाघ’ म्हणत. त्यांनी दक्षिणेत फौजा धाडल्या. १९ जूनच्या पहाटे फेरूलला त्याच्या घरी अटक झाली. शहर खवळले. १९ आणि २० जून या दोन दिवसांत नार्बोनमध्ये लष्कराने गोळीबार केला. त्यात सहा माणसे मेली. त्यात बाजाराला म्हणून शहरात आलेली एक वीस वर्षांची मुलगीही होती.

ही बातमी आग्द गावी पोचली. तिथे सतरावी पायदळ पलटण नुकतीच बेझिएहून हलवली होती. तिच्यातले बरेचसे शिपाई याच भागातल्या द्राक्ष बागायतदारांची मुले. त्यांना वाटले, उद्या आपल्याच बापावर, भावावर बंदूक धरावी लागेल. २० जूनच्या रात्री सुमारे पाचशे शिपायांनी बंड केले आणि शस्त्रांसह चालत ते बेझिएला आले. शहराच्या मधल्या मैदानात त्यांनी तळ दिला. लोकांनी त्यांना खाऊ-पिऊ घातले. त्यांनी गोळी झाडली नाही, लूट केली नाही. समजूत पटल्यावर ते बराकीत परत गेले. पुढे सरकारने त्या पलटणीला ट्युनिशियातल्या गाफ्सा येथे पाठवले.

शंभर फ्रँक

फेरूल तुरुंगात गेला तेव्हा आल्बेर मात्र पोलिसांच्या हाती लागला नव्हता. गावच्या चर्चच्या मनोऱ्यात तो लपला होता. तिथून निसटून तो थेट पॅरिसला गेला. त्याच्या मनात आले, पंतप्रधानांना समोरासमोर भेटून खरी परिस्थिती सांगावी, म्हणजे रक्तपात थांबेल.

२३ जून रोजी तो क्लेमाँसोंपुढे उभा राहिला. क्लेमाँसो मुरब्बी. त्यांनी त्याला समजावले, ‘मी लबाडांचा बंदोबस्त करतो. तू परत जा, लोकांना शांत कर आणि पोलिसांच्या स्वाधीन हो.’ आल्बेरला ते पटले. परतीच्या प्रवासाला पैसे नव्हते. क्लेमाँसोंनी खिशातून शंभर फ्रँकची नोट काढून दिली. आल्बेरने घेतली.

तो बाहेर पडल्यावर पंतप्रधानांनी पत्रकारांना हकिगत सांगितली. हा माणूस आपल्यापुढे रडला आणि आपण त्याला गाडीभाडे दिले, असे त्यात होते. दुसऱ्या दिवशी साऱ्या फ्रान्सभर बोभाटा झाला. आल्बेर गावी पोचण्याआधी नोट गावी पोचली!

लोकांना काय वाटले असेल? महिनाभरापूर्वी ज्याचा फोटो भिंतीवर लावला त्यालाच ‘विकला गेला’ म्हणू लागले. त्याच्या स्वतःच्या समितीतल्या मंडळींनी त्याला दूर लोटले. मारायला उठणारेही निघाले. २६ जून रोजी तो माँपेलिएच्या तुरुंगात स्वतःहून हजर झाला. ऑगस्टच्या सुरुवातीला बाकीच्या पुढाऱ्यांबरोबर त्याचीही सुटका झाली. इतरांचे स्वागत झाले, याचे नाही. पुढे तो काही काळ अल्जीरियात गेला. १२ डिसेंबर १९२१ रोजी आर्जेलिए येथे तो गरिबीतच वारला.

गाडीभाड्याच्या नोटेत लाच नव्हती, हे आज शांतपणे पाहिले की दिसते. लाच घ्यायची असती तर पाच लाख माणसांच्या पुढाऱ्याने शंभर फ्रँकवर भागवले असते काय? त्याचे चुकले ते एवढेच, की लाखो लोकांच्या वतीने बोलायला तो एकटा गेला. बरोबर साक्षीला समितीतला एकही माणूस नाही, समितीचा ठराव नाही. जे बोलणे झाले त्याची टिपणी नाही आणि घेतलेल्या पैशाची पावती नाही. मग समोरच्याने जी हकिगत सांगितली तीच खरी ठरली. याच्याजवळ दाखवायला कागद नव्हता.

मग पदरात काय पडले?

पुढारी पडला, पण चळवळ वाया गेली नाही. २९ जून १९०७ रोजी, म्हणजे आल्बेर तुरुंगात असतानाच, पार्लमेंटने कायदा केला. वाईनमध्ये घालायच्या साखरेवर ज्यादा कर बसला. साखरेच्या मोठ्या विक्रीवर नजर आली. आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येक बागायतदाराने आपल्या बागेचे क्षेत्र, यंदा काढलेली वाईन आणि मागचा शिल्लक साठा यांची नोंद गावच्या नगरपालिकेत करावी असे ठरले.

या नोंदीचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको. आपण लागणीची तारीख, जात, क्षेत्र गट ऑफिसला नोंदवतो, तसलाच हा प्रकार. गावात इतक्या क्षेत्रातून इतकीच वाईन निघू शकते हे एकदा कागदावर आले, की त्याच गावातून दुप्पट माल बाहेर पडला तर चोर लपत नाही. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला सरकारी हुकूम निघाला, ताजी द्राक्षे किंवा त्यांचा रस आंबवून होते तिलाच वाईन म्हणायचे, दुसऱ्या कशाला नाही.

कायदा झाला तरी तो पाळतो कोण? हे शेतकऱ्यांनी ओळखले होते. २२ सप्टेंबर १९०७ रोजी नार्बोन येथे द्राक्ष बागायतदारांचा महासंघ स्थापन झाला. अध्यक्ष झाला फेरूल. सभासदांनी वर्गणी दिली. त्या वर्गणीतून महासंघाने स्वतःचे तपासनीस नेमले. त्यांनी संशयित मालाचे नमुने घेतले, भेसळ करणाऱ्यांवर खटले भरले. सरकारी माणसाची वाट बघत ते बसले नाहीत. फेरूल पुन्हा नार्बोनचा नगराध्यक्ष झाला. त्याचाही मृत्यू १९२१ सालीच झाला. पण त्याच्यामागे एक संस्था उभी होती.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पुढे अभ्यासकांनी त्या काळचे आकडे तपासले तेव्हा असे दिसले, की भाव पडण्याचे एकमेव कारण खोटी वाईन नव्हते. साखरेच्या वाईनपेक्षा सपाटीतले अफाट उत्पादन आणि अल्जीरियाचा माल यांचा वाटा मोठा होता. भेसळ होती, ती वाईटच होती. पण सगळा दोष दुसऱ्याच्या माथी मारला, की आपल्या शेतातला दोष दिसेनासा होतो. आरामाँची जात व्यापाऱ्याने सक्तीने लावायला सांगितली नव्हती. नुसत्या टनावर नजर ठेवून शेतकऱ्याने ती स्वतः लावली होती.

मारोसाँचे तळघर

आणखी एक खेडे सांगतो आणि आवरतो. बेझिएजवळ मारोसाँ नावाचे गाव आहे. तिथल्या छोट्या बागायतदारांनी आल्बेरच्या मोर्चाच्या आधीच, १९०१ साली, एक सहकारी संस्था काढली होती. प्रत्येकाजवळ थोडी थोडी वाईन. एकेकट्याने व्यापाऱ्याकडे गेले की तो म्हणेल तो भाव. त्यांनी माल एकत्र केला आणि पॅरिसमधल्या कामगारांच्या ग्राहक सहकारी भांडारांना सरळ विकायला सुरुवात केली. मधला माणूस गेला. भेसळीचा प्रश्नही मिटला, कारण पाठवणारा आणि पिणारा एकमेकांना ओळखू लागले.

१९०५ साली त्यांनी सर्वांचे मिळून एक मोठे तळघर बांधले. फ्रान्समधल्या अगदी पहिल्या सहकारी तळघरांत त्याची गणना होते. त्याच वर्षी समाजवादी पुढारी जाँ झोरेस मुद्दाम ते पाहायला गेले होते. इमारतीच्या दर्शनी भागावर अक्षरे कोरली आहेत, त्यांचा अर्थ असा : सर्व प्रत्येकासाठी, प्रत्येक सर्वांसाठी. १९०७ च्या धक्क्यानंतर लोकांना ही वाट पटली आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत लांगदोकमध्ये गावोगाव अशी तळघरे उभी राहिली.

मारोसाँच्या मंडळींनी पाच लाखांची सभा घेतली नाही. त्यांचे फोटो घरोघर लागले नाहीत. पण त्यांच्याकडे वजनाची वही होती, विक्रीचा हिशोब होता आणि सभासदांची सभा होती. तिथे कुणी पॅरिसला जाऊन आला तर सभेपुढे येऊन काय बोलला, किती घेतले, किती खर्चले ते सांगावे लागे.

आपण काय घ्यावे?

१. मागणी एकच आणि नेमकी असावी. ‘आमचे भले करा’ म्हणून कायदा होत नाही. ‘वाईन म्हणजे काय ते ठरवा आणि साठ्याची नोंद घ्या’ म्हटल्यावर तो झाला.

२. सभासदांच्या वतीने बोलणी करायला एकट्याने जाऊ नये, आणि एकट्याला पाठवूही नये. बरोबर दोन माणसे आणि हातात ठराव असावा. यात त्या माणसावर अविश्वास नाही, उलट त्याचेच रक्षण आहे. आल्बेरबरोबर दोघे असते तर त्याचे उरलेले आयुष्य असे गेले नसते.

३. नोंद हे शेतकऱ्याचे हत्यार आहे. लागणीची नोंद, वजनाची पावती, उसाच्या बिलाचा तपशील नीट जपून ठेवा. ज्याच्याजवळ कागद नाही त्याची गोष्ट दुसराच सांगतो.

४. टनाइतकेच लक्ष उताऱ्याकडे द्या. पक्वता पाहून तोड घेणे, पाचट-वाढे मोळीत न जाऊ देणे, शिफारशीत जाती लावणे ही कामे आपल्याच हातची आहेत.

५. माणसावर प्रेम करावे, पण भरवसा संस्थेच्या घटनेवर, हिशोबावर आणि वार्षिक सभेवर ठेवावा. माणूस थकतो, चुकतो, फसतो. नियम लिहिलेले असले तर संस्था उभी राहते.

आल्बेर वाईट माणूस नव्हता. झोपलेला मुलूख त्याने जागा केला, हे काम दुसऱ्या कुणाला साधले नाही. आज त्या भागात त्याची आठवण मानाने काढली जाते. पण हा मान त्याला जिवंतपणी मिळाला नाही. आपल्या पुढाऱ्यांवर आणि कार्यकर्त्यांवर अशी पाळी येऊ नये, याची काळजी सभासदांनीच घ्यायची असते.

गटसभेत चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या गटातर्फे कारखान्याकडे किंवा सरकारकडे गेलेल्या माणसाने परत आल्यावर हकिगत कुठे आणि कशी सांगावी?

(२) मागच्या हंगामातली वजनाची पावती आणि बिल आपल्यापैकी किती जणांजवळ आज आहे?

(३) आपल्या गावात नुसत्या वजनासाठी लावल्या जाणाऱ्या उसाच्या जाती कोणत्या? त्यांचा ब्रिक्स कुणी पाहिला आहे काय?

(४) आल्बेरच्या समितीतली माणसे त्याला सोडून गेली. त्यांनी काय करायला हवे होते?

या प्रश्नांची चर्चा झाल्यावर आपली मते गट ऑफिसला लेखी कळवावीत.

— ऊस विकास अधिकारी